तातडी : पाच

मंडळाचे अध्यक्ष दत्तप्रसाद माझ्यापुढे माइक धरून उभे होते आणि खराडीतल्या त्या हॉटेलच्या सभागृहात चाळीस माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती. सकाळचे सव्वासात. झाकणाखालचे उपीट घामेजले होते. एसीच्या गारव्यात चाळीस अत्तरे एकमेकांत मिसळून त्यांना बंद कपाटाचा वास सुटला होता.

आमच्या व्यवसाय मंडळाचा नियम साधा होता. दर गुरुवारी प्रत्येकाने दुसऱ्या सभासदासाठी एक गिऱ्हाईक आणायचे. चिठ्ठीवर नाव, नंबर, आणि गरज किती तातडीची, एक ते पाच. एका धंद्याला एकच खुर्ची. लागोपाठ तीन गुरुवार रिकाम्या हाताने आलात, की ती दुसऱ्याची. माझा हा तिसरा गुरुवार होता. माझ्यासारखीच पुठ्ठ्याची खोकी बनवणारा भोसरीचा एक कारखानदार पाहुणा म्हणून मागच्या रांगेत बसलेलाच होता आणि माझ्या खुर्चीकडे, भाड्याची खोली पाहायला आलेला माणूस पाहतो, तसा पाहत होता.

मला खुर्ची हवी होती. दत्तप्रसादांच्या ओळखीने इथल्याच एका मोठ्या कंपनीच्या खरेदीप्रमुखांना भेटायचे होते. दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी वीस हजार खोकी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यांना डाळिंबांची खोकी पुरवत म्हातारे व्हायचे नाही, हे मी ठरवून टाकले होते.

"नागोराव सर," दत्तप्रसाद म्हणाले, "आपलं मौन इथं कुणाच्या उपयोगाचं नाही."

कोणीतरी खुसखुसले. मी चिठ्ठी ओढली आणि कादरभाईंचा नंबर लिहिला.

कादरभाई मार्केट यार्डातले टेम्पोवाले. बारा वर्षांपूर्वी मी वाशीमहून आलो, तेव्हा मला गाळ्यागाळ्यांवर नेऊन 'हा आपला माणूस' एवढेच सांगणारे. त्या तीन शब्दांवर माझा कारखाना उभा राहिला. बदल्यात त्यांनी कधी चहासुद्धा मागितला नाही. आदल्या संध्याकाळी वजनकाट्यापाशी त्यांनी माझा दंड धरून सांगितले होते की डॉक्टरांनी बायकोला, अख्तरबानूंना, घरी न्यायला सांगितले आहे. महिना, फार तर दीड. तिला सांगितलेले नाही, मुलीला, मंतशालाही नाही. फक्त तुला.

चिठ्ठी मी उत्कर्षाताईंना दिली. त्या आजाऱ्यांच्या सेवेसाठी घरी माणसे पाठवतात. तातडीच्या रकान्यात मी पाचाभोवती गोल काढला होता, आणि घरात कोण आजारी आहे, किती दिवस उरलेत, हेही माइकवर सांगून टाकले.

टाळ्या झाल्या. ओल्या फडक्याने फरशी बडवावी, तसा त्यांचा आवाज होता. नाश्त्याच्या वेळी विम्याचे काम करणारे सभासद जवळ आले आणि हलक्या आवाजात विचारू लागले, बाईंची पॉलिसी कुठली आहे. घरांचे व्यवहार करणाऱ्याने विचारले, कादरभाईंची येरवड्यातली जागा स्वतःची की भाड्याची. त्यांच्या चेहऱ्यांवर खरीखुरी सहानुभूती होती, आणि तीच पाहवत नव्हती. मी दोघांनाही उत्तरे दिली. दत्तप्रसादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खरेदीप्रमुखांशी दुपारी बाराची भेट पक्की केली. मी उपीट दुसऱ्यांदा वाढून घेतले.

काम मिळाले. पहिली खेप सोमवारी हवी होती. दिवाळीच्या तोंडावर गाड्या देईल असा माझ्या ओळखीत एकच माणूस होता.

मी यार्डात पोहोचलो तेव्हा कादरभाई टेम्पोची ताडपत्री बांधत होते. त्यांनी हात थांबवले नाहीत.

"दुपारी एका बाईचा फोन आला," ते म्हणाले. "मी दवाखान्यात कागदांच्या खिडकीवर उभा. मोबाईल हिच्या उशाशी. पेशंटच्या शेवटच्या दिवसांत घरी माणूस लागेल ना, असं विचारत होती. त्या बाईला वाटलं, पेशंटच्या मुलीशीच बोलतेय."

मी ताडपत्रीचे सुटलेले टोक त्यांच्यासाठी धरले.

"अख्तरनं पत्ता सांगितला. अगदी नीट. कुठं वळायचं, जिना कोणत्या बाजूला. मी आलो तर मला म्हणाली, पंखा बंद करा, थंडी वाजतेय. मग विचारलं, किती दिवस."

मी म्हणालो, उत्कर्षाताईंची माणसे चांगली असतात, तुमची धावपळ वाचावी म्हणूनच मी... वाक्य अर्ध्यातच नासले.

"का सांगितलंस, ते राहू दे. काय मिळालं, तेवढं सांग."

"वीस हजार खोकी," मी म्हणालो. आणि त्या आकड्यात मला स्वतःचा अभिमान स्पष्ट ऐकू आला. तोंड धुऊनही जाऊ नये असा, चिकट.

त्यांनी मान हलवली, जणू भाव ऐकला.

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण सोमवार पुढे होता, आणि खेप चुकली की काम त्या भोसरीवाल्याचे.

"तीन गाड्या लागतील, कादरभाई," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी. पाठवाल ना?"

त्यांनी शेवटची गाठ ओढून पाहिली, हात विजारीला पुसले आणि कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत हमालांच्या गर्दीत चालते झाले.