चाळीस जोड

सकाळपासून चाळीस जवान अंगणात नुसते चालत होते. घाण्याला जुंपलेल्या बैलांसारखे, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आधी त्यांनी खराट्यांनी अंगणातला बर्फ झाडून घेतला होता. ट्रकच्या टायरचे तळ लावलेल्या चपलांचे जुने ठसे त्यावर राहायला नको होते. आता नव्या बुटांचे ठसे उमटवायचं काम चाललं होतं.

"पाय आपटा रे जोरात! लग्नाच्या वरातीत आहात का?" सुभेदार तोरसम खान ओरडला. चाळिसांत तो स्वतःही होता; बूट त्याच्याही पायात होते. कातडं अजून लाकडासारखं होतं.

"काका, हा बूट चावतो!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"चावू दे. दोन हिवाळे बर्फ चावत होता, तेव्हा बरा गप्प होतास."

"पण काका, हे ठसे जाणार कुठं?"

"अमेरिकेला. तिथून डॉलर होऊन परत येतात."

हशा पिकला आणि लगेच विझला, कारण मेजर चठ्ठा ओसरीवर आला होता. पंजाबातला गोरा, देखणा माणूस. उजाडताच हेलिकॉप्टरनं उतरला होता आणि त्याच्याबरोबर चार पोती उतरली होती. पोत्यांत बूट होते, बुटांत कागदाचे बोळे. हेलिकॉप्टर आता पाहुणीला आणायला परत गेलं होतं.

तोरा सर हे पाकिस्तानच्या सरहद्दीवरलं शेवटचं ठाणं. पलीकडच्या उतारावर अफगाणिस्तान. लढाई अमेरिकेची, डोंगर आपले. ठाण्यावर एकशे वीस जवान ठेवायचे, त्यांना खायला-ल्यायला घालायचं आणि झालेल्या खर्चाचा कागद इस्लामाबादेतल्या अमेरिकी वकिलातीत द्यायचा, म्हणजे ते पैसे भरून देत. असं सात वर्षं चाललं होतं. यंदा कुणाला काय वाटलं कोण जाणे, तिकडून एक हिशेबतपासनीस बाई निघाली. म्हणाली, कागद पुष्कळ पाहिले, आता ठाणं पाहू.

मेजरनं तोरसमला ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं आणि एक छापील कागद उलगडला.

"सुभेदारसाहेब, बाईंसमोर इथं सही करायची. एकशे वीस जोड, बर्फाचे बूट, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मिळाले. आकडा आणि तारीख तुमच्या हातानं भरा, म्हणजे खरं दिसेल."

"आणि बाकीचे ऐंशी जोड कुठायत म्हणाल्या तर?"

"ऐंशी जवान गस्तीवर गेलेत. बूट घालून."

ऐंशी जवान खरंच गस्तीवर गेले होते. मेजरनंच पाठवले होते, उजाडायच्या आत. चपला घालून.

तोरसमनं कागदावरून बोट फिरवलं. "साहेब, बादाम गुलचं काय?"

मेजरचा चेहरा जरा आखडला. "त्याचं काय?"

"पेशावरच्या इस्पितळात त्याच्या पेन्शनचा कागद अडलाय. ते विचारतात, बूट दिले होते का? दिले असतील आणि ह्यानं घातले नसतील, तर पायाची बोटं गेली ती ह्याच्या हलगर्जीनं. मग पेन्शन नाही. मी इथं ऑक्टोबर लिहिलं, की जानेवारीत झडलेली बोटं त्याच्या माथी."

"एका सिपायासाठी अख्ख्या फौजेचे पैसे अडवणार?"

"अडवत नाही साहेब. विचारतोय."

"तुमची स्वतःची पेन्शन दोन महिन्यांवर आलीय ना?" मेजर हसला. "मग विचारू नका. आणि ऐका, हे चाळीस जण बाईंच्या नजरेसमोरून हलता कामा नयेत. बाई जिथं, हे तिथं. बादाम गुल मात्र त्या रांगेत दिसता कामा नये."

"तो रांगेत नाहीच, साहेब. चुलीपाशी असतो आता."

चुलीपाशीच होता. चोवीस वर्षांचा बादाम गुल टाचांवर चालत असे, नुकत्या उभ्या राहिलेल्या पोरासारखा. डाव्या पायाची पाचही बोटं गेली होती, उजव्याची दोन. घरून निघताना बायकोनं त्याच्या कानात एक टप्पा, म्हणजे दोन ओळींचं गाणं, म्हटला होता. आमच्याकडे बायकांचं सगळं बोलणं त्या दोन ओळींत मावतं. बादाम गुल तो भाकरी थापताना गुणगुणायचा, आणि तोरसमला चुलीपाशी बसणं नकोसं व्हायचं:

*बर्फातली वाट, सख्या, जपून टाक पाऊल,*
*दारात मोजून घेईन मी, दहाच्या दहा बोटं आण.*

"कोण येतंय, काका?" त्यानं विचारलं.

"पाहुणी. बाईमाणूस आहे. आमच्या बुटांचा हिशेब बघायला आलीय."

"मग माझ्या पायांचाही बघेल?"

"तू चहा बघ," तोरसम म्हणाला आणि वळला.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा बर्फाची धूळ उडाली आणि सकाळभर उमटवलेल्या ठशांपैकी निम्मे पुसले गेले. जवानांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

बाईचं नाव मिस पिकेट. साठीकडे झुकलेली, चष्म्याला दोरी बांधलेली, नाक थंडीनं लाल झालेलं. बोलायची थोडं आणि लिहायची फार. मेजर मध्ये उभा राहून दोन्हीकडचं बोलणं वाहून नेत होता. ती रांगेवरून चालली, खाली बघत. एक, दोन, तीन. चाळिसाव्या जोडापाशी थांबली आणि काहीतरी विचारलं.

"बाई विचारतायत, बूट उबदार आहेत का?" मेजर म्हणाला.

"आहेत," तोरसम म्हणाला. ते खोटं नव्हतं. पाय सकाळपासून उबदार होते.

मेजरनं कागद पुढं केला, पेन काढलं. वारा सुटला होता, कागद फडफडत होता. बाईनं हात चोळले, खांदे आवळले. तिचे ओठ निळे पडले होते. तोरसमनं ते पाहिलं आणि त्याच्या तोंडून शब्द गेले. वडिलांच्या, आज्याच्या तोंडून गेले असते तसे, विचाराच्या आधी.

"साहेब, त्यांना म्हणावं आत चला. चहा झाल्याशिवाय पाहुणा माझ्या दारातून जात नाही."

"वेळ नाही, सुभेदारसाहेब. सही करा."

"सही आत करतो."

"मी सांगतोय ना, वेळ नाही!"

"मेजरसाहेब," तोरसमचा आवाज खाली आला, "माझ्या बापाचा खून केलेला वैरी एकदा तहानलेला आमच्या उंबऱ्याशी आला होता. आधी त्याला ताक दिलं. ही तर दोस्ताकडची आहे म्हणता."

बाईला शब्द कळले नाहीत. पण तोरसमनं पालथा पंजा छातीवर ठेवून दुसरा हात दाराकडे केला, ते तिला कळलं. ती मेजरला काही न विचारता दाराकडे चालू लागली.

हुजरा म्हणजे ठाण्याचा बैठकीचा, पाहुण्याचा खण. मध्ये शेगडी, भिंतीला लोड, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जुनं लाल जाजम. उंबऱ्याशी येताच तोरसमचं पाऊल अडलं. आता कुठं त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. जाजमावर बूट घालून कोण जाईल? आईच्या पदरावर चिखल घेऊन कोण बसेल?

त्यानं मागं पाहिलं. बाकीचे एकोणचाळीसही हुकमाप्रमाणे पाठोपाठ उभे होते. बाई जिथं, हे तिथं. मेजरच्याही ध्यानात आलं होतं. त्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला.

"सुभेदार," तो पुटपुटला, "नको."

अजूनही परतता आलं असतं. जागा कमी आहे म्हणून जवानांना बाहेर ठेवता आलं असतं. तोरसम वाकला. नव्या नाड्या ओल्या झाल्या होत्या, गाठ सुटेना. त्यानं ती सावकाश, नखांनी सोडवली. बूट काढून उंबऱ्याबाहेर सरळ लावले आणि अनवाणी आत गेला. मग एकामागून एक सगळे. बुटांची रांग लागली, नवी, काळी, चकचकीत.

मोजे कुणालाच नव्हते. मोजे त्या पोत्यांत नव्हतेच.

जवान भिंतीला धरून बसले. शेगडीच्या उजेडात ऐंशी पाय दिसत होते. काहींना चिंध्या बांधलेल्या, काहींची नखं जांभळी, टाचांना बाभळीच्या सालीसारख्या भेगा. कुणाचा अंगठा अर्धा, कुणाची करंगळीच नाही. जवानांनी पाय झग्याच्या घेराखाली ओढून घ्यायचा प्रयत्न केला. चारचौघांत पाय पसरणं वाईट, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मिस पिकेट उभीच राहिली. मग तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि ती पुन्हा मोजू लागली.

तेवढ्यात आतल्या दारातून बादाम गुल आला. एका हातात किटली, दुसऱ्या हातात गुळाचे खडे नि अक्रोड घातलेली परात. टाचांवर डुलत, बदकासारखा. कुणाच्या मांडीवर चहा सांडू नये म्हणून त्याचं सगळं लक्ष किटलीच्या तोटीकडे होतं.

"या लेकाला सांगितलं होतं ना!" मेजर दबक्या आवाजात म्हणाला.

"रांगेत दिसू नये असं सांगितलं होतं, साहेब," तोरसम म्हणाला. "रांगेत नाही तो."

बाईनं काहीतरी विचारलं. आवाज बारीक होता.

"चहात साखर आहे का विचारतायत," मेजर म्हणाला.

बाईनं मेजरकडे एकदा पाहिलं. मग बादाम गुलच्या पायांकडे बोट केलं आणि भिंतीवरल्या कॅलेंडरकडे. बादाम गुलनं किटली खाली ठेवली. टाचांवर चालत भिंतीपाशी गेला, दोन पानं मागं उलटली आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यावर बोट टेकवलं. मग काय वाटलं त्याला, उंबऱ्याकडे गेला, चाळीस जोडांच्या पलीकडे सकाळीच काढून ठेवलेली आपली टायरची चप्पल उचलली आणि पाहुणीला तळ दाखवला. लाजून हसला. दारिद्र्य दाखवताना माणूस हसतो तसा.

"कागद द्या, साहेब," तोरसम म्हणाला. "सही राहिलीय."

मेजरनं कागद घट्ट धरला होता. बाईनं हात पुढं केला आणि तो त्याच्या बोटांतून काढून घेतला, जाजमावर पसरला. तोरसम मांडी घालून बसला. आकड्याच्या जागी त्यानं लिहिलं, ४०. तारखेच्या जागी आजची तारीख. खाली आपलं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. आकड्यांना दुभाष्या लागत नाही. बाईनं वाचलं, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, कागदाचा फोटो काढला आणि मग सावकाश चहा प्यायली. गुळाचा खडा दातात धरून, बाकीचे पीत होते तसा.

निघताना मेजर दारात ओरडला, "पोती भरा! बूट परत डेपोत जायचेत!"

"कसे जातील साहेब?" तोरसम म्हणाला. "मिळाले म्हणून सही केलीय मी. त्यांच्याकडं फोटो आहे. उद्या कुणी मोजायला आलं आणि चाळीस भरले नाहीत, तर चोर मी ठरेन."

मेजर त्याच्या अगदी जवळ आला. "दोन महिने, तोरसम खान. दोन महिन्यांत पुष्कळ काही होतं."

"होतं, साहेब. बर्फसुद्धा वितळतो."

पुष्कळ काही झालं. अमेरिकेनं तोरा सरचं बिल फेटाळलं. तोरसमची बदली खालच्या मैदानातल्या एका गोदामावर झाली, आणि निरोपाची पगडी न बांधता तो घरी आला. पेन्शन मिळाली, पण एक दर्जा कापून. बूट मात्र ठाण्यावरच राहिले. गस्तीवर जाणारे ते आळीपाळीनं घालायचे. चाळीस जोड, एकशे वीस जवान.

मेच्या अखेरीस बादाम गुल त्याच्याकडे आला, पेशावरचा कागद घेऊन. तोरसमनं चष्मा लावून वाचला. 'पादत्राणे पुरवलेली नव्हती. पुरावा: सुभेदार तोरसम खान यांची नोंद, अमेरिकी वकिलातीकडून आलेली प्रत. पेन्शन मंजूर.' त्यानं तो दोनदा वाचला, घडी केली आणि परत दिला.

"घरी गेला होतास? मोजली का तिनं?"

"मोजली, काका."

"काय म्हणाली?"

बादाम गुलनं अंगणातल्या ओल्या मातीत टाचांनी दोन खळगे केले. मग, भाकरी थापताना गायचा त्याच चालीवर, बायकोचं उत्तर म्हणून दाखवलं:

*दहा मागितली होती, तीन घेऊन आलास,*
*उरलेली सात डोंगराकडून मी मागून घेईन.*

तोरसमनं आत हाक दिली, "चहा टाका गं, पाहुणा आलाय." मग खाली वाकला आणि बादाम गुलच्या चपला उचलून उंबऱ्याशी सरळ लावल्या. पोरानं हात धरला, "काका, हे काय, तुम्ही मोठे..." पण तोवर लावून झाल्या होत्या.