कुणाच्या अंगी लागतं

दैवशालाला चौथा महिना लागला तेव्हा तिच्या पापण्या आतून कापसासारख्या पांढऱ्या होत्या. सासूनं, गोजरबाईनं, ते पाहिलं. तिच्या मुलाची, किशनरावाची, पहिली बायको कडूबाई अशीच पांढरी पडत गेली आणि भरल्या दिवसांत पोटुशीच मेली. आता ही दुसरीही जाते की काय, ही भीती घरात सगळ्यांना होती.

हैदराबाद राज्य मोडून वर्ष झालं होतं. पालमच्या सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळत. तीन आठवडे त्या झाल्या, पापण्या पांढऱ्याच. मग तीन आठवडे वैद्याचं लोखंडाच्या गंजाचं मंडूर भस्म मधातून. तेही वाया. शेवटी गोजरबाईनं नांगराचा फाळ लालभडक तापवून ताकात विझवला आणि ते ताक सुनेला पाजलं. म्हातारी मोठी चिवट. कोणतं लोखंड अंगी लागतं ते बघूनच सोडणार होती. पण एकही लागेना.

लागत होतं हो, पण भलतीच्याच अंगी.

दैवशालाच्या गळ्यात कडूबाईचा चांदीचा टाक होता, तिची मूर्ती उठवलेला छोटा पत्रा. दुसरेपणावर दिलेल्या बाईला तो घालावाच लागतो. नवं लुगडं असो की भाकरीचा घास, आधी मेलेल्या सवतीला दाखवायचा, मग आपण घ्यायचा. दैवशाला गुणाची पोर. गोळी, भस्म, ताक, सगळं ती आधी टाकाला लावत होती.

एका सकाळी न्हाताना तिला टाक जड वाटला. त्यावरच्या बाईचे गाल लालसर झाले होते. तिनं राखेनं खसाखसा घासलं, पण लाली गेली नाही. उलट बोटांना ऊब लागली, जित्या माणसाच्या अंगाला असते तशी.

"उद्या तिला दाखवू नको," गोजरबाई म्हणाली. तिनंही टाकाला बोट लावून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दैवशालानं गोळी परस्पर तोंडात टाकली. गळ्यातला दोरा आवळला आणि गोळी बाहेर आली. दैवशाला भ्याली खरी, पण त्याहून तिला सवतीची कीव आली. बिचारीला जिवंतपणी हे कुणी दिलंच नव्हतं.

सासूसुना पालमला गेल्या.

"दोघींच्या गोळ्या द्या," दैवशाला आश्रुबा कंपाउंडरला म्हणाली. "माझ्या, अन् कडूबाईच्या."

"तिला घेऊन यावं लागंल. पापणी बघितल्याबिगर देता येत न्हाई."

"आनली हाय की."

आश्रुबानं तिच्या गळ्याकडं पाहिलं. त्याच्या आईच्या गळ्यातही असाच टाक होता. त्यानं दोन पुड्या बांधून दिल्या.

रोज एक गोळी टाकाला लावून तुळशीत, दुसरी दैवशालाच्या पोटात. महिन्याभरानं आश्रुबानं तिची पापणी ओढून पाहिली तर आत छान रंग आला होता. त्यानं तिच्या कागदावर सातवा महिना लिहिला. मग दुसरा कागद पुढं ओढला आणि खाली मान घालून विचारलं, "हिला कितवा?"

"नववा," गोजरबाई म्हणाली. "आठ वर्सं झाली, तिला नववाच हाय."