माठाशेजारची जागा

"सुनिताबाई, ही कुंडी आधी बाहेर न्या आणि जाळून टाका," देवानंद भाऊसाहेब म्हणाले आणि नेच्याचं एक पान चिमटीत धरून त्यांनी उलटं केलं. "हे बघा. करपा."

पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते. सुनितानं वाकून पाहिलं. तीही भातशेतीतलीच. पानावर तपकिरी ठिपका म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

भाऊसाहेब म्हणजे जव्हारच्या त्या सरकारी कार्यालयातले सगळ्यात जुने कारकून. त्यांचं भातशेत त्यांच्या गावी, जामसरला. गेल्या पावसाळ्यात करप्यानं त्यांचं निम्मं शेत खाल्लं, तेव्हापासून त्यांना जिथे तिथे करपाच दिसायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा पक्का समज होता आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी धक्का लावला नव्हता. दिवाळीनंतर नव्या प्रगती मॅडम रुजू होणार म्हणून त्या दिवशी साफसफाई चालली होती आणि भाऊसाहेबांना चेव चढला होता.

"तसा चांगला आहे हो तो," सुनिता म्हणाली. "रोज नवं पान काढतो."

"चांगला? हे जगायचं नाही. आणि जाताना बाकीच्या कुंड्याही घेऊन जाईल."

"जाळते," एवढं म्हणून सुनितानं कुंडी कडेवर घेतली आणि सरळ घरी नेली. अकरा वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांशी ती इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलली होती.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती शिपाई म्हणून लागली होती. टेबलं पुसायची, चहा आणायचा, फायली इकडून तिकडे न्यायच्या. तिनं केलेलं काम संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानातही राहायचं नाही. हा नेचा तेवढा तिचा होता. तीन वर्षांपूर्वी एक साहेब बदलून गेले तेव्हा त्यांच्या केबिनमधली ही कुंडी मागच्या कचऱ्यावर पडली होती. दोन पानं शिल्लक होती, तीही पिवळी. सुनितानं ती उचलली आणि कुणीही करेल तेच केलं, चांगली उन्हात ठेवली. चार दिवसांत त्या दोन पानांचाही पापड झाला. मग तिनं कुंडी व्हरांड्यात कपाटाच्या आडोशाला नेली, खाली ओल्या खड्यांची परात ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ माती बोटानं चाचपायला लागली. ओली असेल तर पाणी नाही, सुकली असेल तर हळूच. महिन्याभरानं मातीतून एक केसाळ, गुंडाळलेलं टोक वर आलं. त्या दिवशी सुनितानं सगळ्या कार्यालयाला चहा पाजला आणि कारण विचारलं तर सांगितलं नाही. आता स्टुलावर ठेवली तरी त्याची पानं जमिनीला टेकत होती.

तिच्या भाड्याच्या खोलीत म्हातारी आई, धोंडीबाई, नागलीची भाकरी थापत होती. गुडघे गेल्यापासून ती वावर गावाहून लेकीकडे येऊन राहिली होती.

"याची भाजी व्हते का?" कुंडी बघून तिनं पहिला प्रश्न विचारला.

"नाही."

"मंग औषीद?"

"नाही गं आई. नुसता बघायचा. पण करपा पडलाय त्याच्यावर. भाऊसाहेब म्हणाले, जगायचा नाही."

धोंडीबाईचा हात परातीत थांबला. ब्याण्णव साली वावरला सुनिताचा धाकटा भाऊ फागू दीड वर्षाचा होता. एका सकाळी त्याला मांडीवर घेऊन धोंडीबाई म्हणाली होती, हा जगायचा नाय. संध्याकाळी तो गेला. त्या साली वावर गावात कुपोषणानं कितीतरी पोरं गेली, असं म्हणणारी ती एकटी आई नव्हती, पण आपण बोललो म्हणून पोर गेलं, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. तेव्हापासून कोंबडीच्या पिल्लाबद्दलसुद्धा ते जगेल की नाही, हे तिनं तोंडातून काढलं नव्हतं. जगेल, असंही नाही. तिला दोन्ही शब्दांची भीती वाटायची.

तिनं पिठाचे हात धुतले, उजेडात येऊन पान उलटं केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"हा करपा नाय," ती म्हणाली. "करपा असा वळीत बसत नाय. रोग कुठं बी पडतो. हे बघ, दोन वळी, जोडीजोडीनं. कोणी तरी लावल्यासारखं. हे बी हाय, बाय."

सुनिताला हसू आलं, पण तिनं एक पान तोडून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. दोन दिवसांनी उघडलं तर कागदावर तांबूस भुकटी सांडली होती आणि ती नेमकी पानाच्या आकाराची होती.

मग काय, सुनितानं दह्याच्या डब्यात माती भरली, भुकटी पेरली, पाणी शिंपडलं आणि दुधाची पिशवी कापून वर बांधली. पंधरा दिवसांत डब्यात पांढरी बुरशी आली आणि तीन आठवड्यांत तिथे बुरशीचंच राज्य झालं. सुनिता हिरमुसली. धोंडीबाईनं मात्र डब्यात डोकावून लेकीला फैलावर घेतलं.

"राब केला व्हतास का?"

"आई, हे काय नागलीचं शेत आहे?"

"बी ते बी. कच्च्या मातीत नागली तरी टाकतो का आपण? पाला टाकायचा, शेण टाकायचं, माती भाजायची, मंग पेरायचं. भाजली नाय तर तन येतं. तुझं पांढरं तनच हाय ते. नोकरी लागली तशी शेत इसरलीस तू."

बोलणी खाऊन सुनिता रविवारी सागाची वाळकी पानं आणि दोन गोवऱ्या घेऊन आली. घराच्या मागे फुटक्या घमेल्यात मायलेकींनी राब पेटवला. शेजारच्या बाईनं विचारलं, काय लावताय? धोंडीबाई म्हणाली, "नुसता बघायचा पाला लावतोय," आणि दोघी हसत सुटल्या. माती निवल्यावर उरलेली भुकटी सहा डब्यांत पेरली आणि डबे माठाच्या बाजूला मांडले. त्या पत्र्याच्या खोलीत तेवढीच एक गार जागा होती.

जानेवारीत डब्यांमध्ये हिरवं काहीतरी पसरलं. "शेवाळं आलं," सुनिता म्हणाली आणि फेकायला निघाली. धोंडीबाईनं तिचा हात धरला. नागलीला सुद्धा महिनाभर सांभाळावं लागतं, असं ती म्हणाली, तरी हे जगेल असं काही ती म्हणाली नाही. मार्चमध्ये त्या हिरव्यातून नखाएवढी पानं उभी राहिली. सुनिता रोज सकाळी कामावर जायच्या आधी डब्यांसमोर उकिडवी बसायची आणि रोज तिला उशीर व्हायचा.

पण मार्चनंतर एप्रिल येतोच. पत्रा तापायला लागला, दुपारी वारा भट्टीतून आल्यासारखा यायचा आणि मोठ्या नेच्याची टोकं करपायला लागली. माठाशेजारी जागा एवढीशी. तिथे एक तर मोठी कुंडी राहिली असती नाही तर ते सहा डबे. सुनितानं दोन दिवस दोन्हींची अदलाबदल करून पाहिली, तर दोन्हीकडे पानं सुकायला लागली. ओलं पोतं कुंडीला गुंडाळून पाहिलं, दुपारपर्यंत ते कडक वाळायचं.

तिसऱ्या दिवशी कामावरून आली तर मोठी कुंडी दाराबाहेर होती.

"आई, कोणी काढली ती?"

"त्या मोठ्या नेच्यानंच काढाया सांगितली," धोंडीबाई म्हणाली. "आईबापाची रीत हाय ती. पोरांना आत ठेव."

सुनिता त्या दिवशी जेवली नाही. कचऱ्यावरून उचललेला, तीन वर्षं मांडीवरच्या पोरासारखा सांभाळलेला नेचा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. त्याची वाळकी पानं धोंडीबाईनं जपून पोत्यात भरली, पुढच्या सालच्या राबाला. सहा डब्यांतलं एकही रोप मेलं नाही. पाऊस लागल्यावर मायलेकींनी ती एकेक करून छोट्या कुंड्यांत लावली.

जुलैच्या एका सोमवारी कार्यालयासमोर रिक्षा थांबली. मांडीवर आंब्यांचं खोकं घेऊन धोंडीबाई उतरली. रोपं दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची तिची तयारी नव्हती. मागून सुनिता आणखी दोन खोकी घेऊन आली. तासाभरात व्हरांड्याच्या कठड्यावर, खिडक्यांत, मॅडमच्या केबिनमध्ये वीतभर उंचीचे नेचे उभे राहिले. कामाला आलेली माणसं रांग सोडून बघायला लागली.

"कुठल्या नर्सरीतून मागवले?" प्रगती मॅडमनी केबिनमधून बाहेर येत विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब एक पान उलटं करून तपासत होते. पाठ स्वच्छ हिरवी होती.

"निरोगी आहेत, मॅडम," ते जाणकाराच्या थाटात म्हणाले. "कुठून आणले, सुनिताबाई?"

"तुमच्या करप्यातून, भाऊसाहेब."

मग तिनं सगळं सांगितलं, खोटं बोलल्यापासून राबापर्यंत. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि तिनं तो खाली आणला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच अख्खं कार्यालय काम थांबवून तिचं ऐकत होतं आणि तिला ते फार फार आवडलं. मॅडमनी स्वतः खुर्ची आणून धोंडीबाईला बसवलं. "मातीच भाजायची, हे मला कधी सुचलं नसतं, आजी," त्या म्हणाल्या. म्हातारीनं मान डोलावली, जणू हे तिला आधीच माहीत होतं.

भाऊसाहेब थोडा वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसले. मग उठले, कठड्यावरची सगळ्यात छोटी कुंडी उचलली आणि धोंडीबाईसमोर येऊन उभे राहिले.

"आजी, एक जामसरला नेऊ का? पण माझं घर पत्र्याचं. माझ्याकडे जगंल का हे?"

सुनिता पाण्याचे ग्लास घेऊन येत होती, ती जागीच थांबली. तिनं आईकडे पाहिलं. धोंडीबाईनं कुंडी त्यांच्या हातातून घेतली, पानाखाली बोट घालून माती चाचपली आणि पुन्हा त्यांच्याकडे दिली.

"जगंल," ती म्हणाली. कुंडी त्यांच्या हातात नीट बसल्याचं बघून मगच तिनं आपला हात काढला.