नुसती ‘लाइन’ कुणी पाहिली?

इंग्रजी शब्दांची ती यादी मीच केली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी उगाच साळसूद वाटेन. मी अनंत पेंडसे, लोणावळ्याच्या रेल्वे कचेरीतला कारकून. पुण्याला मॅट्रिक झालेलो, त्यामुळे इंग्रजीची घमेंड भारी. छत्तीस साली नवे साहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला, की फाटकावरच्या प्रत्येक माणसाला चाळीस इंग्रजी शब्द आलेच पाहिजेत. मी डिक्शनरी उघडली आणि एकेका शब्दासमोर अर्थ उतरवत गेलो. एकट्या ‘लाइन’ला सात अर्थ दिले: रेघ, ओळ, दोरी, रांग, सुरकुती, वंश, धंदा. स्वतःवर बेहद्द खूश झालो.

कुसगावजवळच्या फाटकावर धोंडाबाई होती. तिचा नवरा नथू तिथला गेटमन. छातीच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला तेव्हापासून फाटक तीच सांभाळत होती, आणि तो गेल्यावरही. परीक्षेत नापास झाली, तर नोकरी बजरंग नावाच्या उमेदवाराला मिळणार होती आणि शनिवारच्या आत तिला म्हाताऱ्या सासूसकट फाटकाची खोली सोडावी लागणार होती.

साहेबांच्या मोटारीतून आम्ही तिथे पोचलो, तर बजरंग टोपी सारखी करून उभाच होता. यादी त्याने घोकून ठेवली होती. ‘लाइन’चे सातही अर्थ त्याने एका दमात म्हटले. साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण वेग आवडला.

मी धोंडाबाईकडे वळलो. “सांग, लाइन म्हणजे काय?”

“कंची लाइन?”

“नुसती लाइन.”

“नुसती लाइन म्या कंदी ऐकलीच न्हाई,” ती म्हणाली. “लाइन क्लेर ऐकलीया. लाइन बलाक ऐकलीया. अप लाइन, डौन लाइन, मेन लाइन, लूप लाइन. कंची बी सांगा, तवा काय करायचं ते करून दावते. एकटा शबुद हितं कोन बोलतंय, बाबूसाहेब?”

“यादीत तसं नाही.”

“मग तुमची यादी चुकलीया.”

मला राग आला. गेटवरच्या बाईने मला इंग्रजी शिकवावं? मी परीक्षेच्या कागदावर तिचं शून्य चांगलं ठसठशीत काढलं. आज आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

तेवढ्यात खोलीतली घंटा वाजली. गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे निघायची परवानगी, दिली की स्टेशनातून ती वाजवत. धोंडाबाई परीक्षा तशीच सोडून निघाली. फाटकाची दोन्ही दारं ओढली, साखळ्या घालून कुलपं लावली आणि किल्ली कमरेला खोचली. साहेबांची मोटार फाटकाच्या अलीकडेच अडकली.

साहेबांना वडगावला मामलेदारांना भेटायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, रूळ पाहिले. दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं. “उघडायला सांग,” ते म्हणाले. मी सांगितलं.

“न्हाई.”

बजरंगला साहेबांची मर्जी राखायची आयती संधी मिळाली. त्याने पुढे होऊन साखळीला हात घातला. “द्या किल्ली, मावशी. म्या उघडतो.”

“लाइन क्लेर दिलीया. गाडी गेल्याबिगार ह्या किल्लीला दुसऱ्याचा हात लागत न्हाई. आमचं धनी हातरुणावरनं मागत व्हतं, तवा त्येंला बी दिली न्हाई.”

साहेब लालबुंद झाले. किल्ली दे, नाहीतर नोकरी गेली असं समज, असं तिला सांगायला त्यांनी मला फर्मावलं. मी तेही सांगितलं.

“गेली तर गेली,” धोंडाबाई म्हणाली. “पर गाडी जाईस्तवर ती माझीच हाय.” आणि हिरवं निशाण धरून ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

विजेची इंजिनं येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. धूर दिसत नाही, धापा ऐकू येत नाहीत. वळणावर गाडी दिसली आणि पाहता पाहता समोरून धडाडत गेली. मोटारीच्या काचा थरथरल्या. बजरंगचा हात अजून साखळीवरच होता. तो त्याने हळूच काढून घेतला.

शेवटचा डबा गेल्याचं बघून धोंडाबाईने स्वतःच कुलपं काढली.

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. मग त्यांनी कागद मागितला. मी शून्य खोडलं आणि म्हणालो, “साहेब, यादी चुकली आहे. ती मी केली होती.” आयुष्यात पहिल्यांदाच मी व्याकरणाचा विचार न करता इंग्रजी बोललो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खोडलेल्या शून्यापुढे ‘पास’ लिहिलं आणि सही केली.

“धोंडाबाई, नोकरी तुमचीच,” मी सांगितलं. सकाळपासून मी तिला अगंतुगं करत होतो.

तिने हात जोडले नाहीत. “कागुद वाचा,” म्हणाली.

“‘कै. नथू गेटमन यांची विधवा, पास.’”

“आन माजं नाव?”

ते कुठेच नव्हतं.

“खोडा त्ये. धोंडाबाई लिवा.”

साहेबांची सही झाली होती. सही झालेल्या कागदावर खाडाखोड म्हणजे आमच्या कचेरीत महापाप. मी खोडलं, तिचं नाव लिहिलं.

“नुसतं नगं,” ती म्हणाली. “म्होरं गेटमन लिवा.”

मोटारीचा भोंगा दोनदा वाजला. मी तो वाजू दिला आणि सावकाश लिहिलं: धोंडाबाई, गेटमन, कुसगाव फाटक.