दुसरा ब्रेक

माझ्या ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा माझ्या. या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर आमचं घर चालतं, आणि त्यानेच त्या दिवशी माझ्या लेकीचं तोंड बंद केलं.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी झकास चालवत होती. समोर बघतच तिने सांगितलं की वर्गातला तो उंच मुलगा तिला आवडतो आणि त्याने तिच्याकडे फोटो मागितलाय. कपड्यांशिवायचा.

माझा पाय ब्रेकवर कधी पडला, मलाच कळलं नाही. गाडी गचका देऊन बंद पडली.

"झालं," ती म्हणाली. "म्हणूनच सांगत नव्हते."

ही आत्ता गप्प झाली, तर पुढचं मला कधीच कळणार नव्हतं. त्या कार्ट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार जिभेवर आला होता, तो गिळला. चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले.

"घे, माझे पाय वर. आता बोल."

ती एवढी हसली की गाडी चालू करताना दोनदा बंद पडली. पण मग सुटलीच. फोटो दिला नाहीस तर आपलं संपलं, असं त्याने कळवलं होतं. तिला द्यायचा नव्हता, आणि तोही सोडवत नव्हता. मी म्हटलं, कुणी आवडणं, त्याच्या जवळ जावंसं वाटणं, अंगावर काटा येणं, यात वाईट काहीच नाही, मलाही झालंय.

"बाबांच्या बाबतीत?"

"त्यांच्या आधीही."

गाडी फुटपाथला घासता घासता वाचली. पाय नुसते शिवशिवत होते, पण मांडी सोडली नाही. एकदा पाठवलेला फोटो कुठे फिरेल, ते पुढे त्या मुलाच्याही हातात राहत नाही, हेही सांगितलं. आणि मग खरं ते बोलले.

"ज्याला नाही म्हणायची तुला भीती वाटते, तो तुझ्यावर प्रेम करत नाहीये. अडवून मागतोय."

तिने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. अगदी मी शिकवते तसं. फोन काढून तिने लिहिलं, 'नाही देणार. परत मागू नकोस,' आणि पाठवलंसुद्धा. मला तर टपावर चढून नाचावंसं वाटत होतं.

लगेच उत्तर आलं, 'ठीक. बाय.' तेवढंच. ती रडली, मी गिअरवरून वाकून तिला जवळ घेतलं. मग बाहीला नाक पुसून तिने गाडी चालू केली. पुढे मोठा रस्ता लागत होता, ट्रक सुसाट चालले होते.

"आई, मांडी सोड आता," ती म्हणाली. "इथे लागेल तुझा पाय."