सहा नंबर ओढते

पालमीरा गेली तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो. तिनेच मला पाठवलं होतं. सकाळी इस्पितळात मी तिला चमच्याने पाणी पाजत होतो, तर म्हणाली, "इथे बसून माझं तोंड काय बघतोस? जा, सहाची हवा बघून ये."

मी गेलो. हवा नीट चालू होती. कॉम्प्रेसरमधून हवा सहा नंबरच्या चेंबरमध्ये जात होती आणि दुसऱ्या टोकाच्या बाटलीत बुडबुडे येत होते. एका मिनिटात किती ते मी मोजत होतो, तेवढ्यात फोन वाजला. तिचा धाकटा भाऊ वितुच्चो तिच्याजवळ बसला होता.

"दाजी, या," एवढंच म्हणाला.

त्यानंतर आमच्याकडे जे करतात ते मी केलं. दिवे घालवले, मेन स्विच खाली ओढला, शटर पाडलं. एका कागदावर "दुखवट्यामुळे बंद" असं लिहून तो शटरला चिकटवला. दक्षिण इटलीतल्या आमच्या गावात न्हाव्याचं दुकान असो की बेकरी, घरात माणूस गेलं की सगळं असंच बंद होतं. माझे वडील गेले तेव्हा मी हेच केलं होतं. तेव्हाही हाताने आपोआप केलं होतं.

ती फेब्रुवारीची सतरा तारीख होती. वर्कशॉप मी बावीसला उघडलं.

आम्ही काय बनवत होतो ते सांगतो. आकाशातून आणि यंत्रातून येणारे बारीक कण ओळखायचं एक मोठं उपकरण पुढच्या काही वर्षांत बांधायचं आहे. नऊ देशांतली माणसं त्यात आहेत. ते उपकरण हजारो चपट्या चेंबर्सचं होणार. एक चेंबर म्हणजे बॅकेलाइट या कडक प्लास्टिकचे दोन पातळ तक्ते, मध्ये एक मिलिमीटरची फट, फटीत वायू. तक्त्यांना सहा हजार व्होल्ट द्यायचे. कण आरपार गेला की आत बारीकशी ठिणगी पडते आणि तारेवर तिची खूण मिळते. बॅकेलाइट आतून खरखरीत राहिला तर कण नसतानाही ठिणग्या पडत राहतात. म्हणून आतून जवसाचं तेल फिरवायचं, काढून टाकायचं, आणि जो पातळ थर उरतो तो दहा दिवस हवा देऊन वाळवायचा. एवढंच आहे. पण आधीच्या चेंबर्सची फट दोन मिलिमीटरची होती, ही एकची. नमुन्याच्या आठ चेंबर्स आमच्या वर्कशॉपला दिल्या होत्या. त्या चालल्या तर पुढच्या सगळ्या अशाच होणार होत्या. नाहीतर तेलाची पद्धतच रद्द, काच वापरणार. आणि काचेचं काम आमच्याकडे कुणाला येत नाही.

तेल पालमीरा करायची. एकवीस वर्षं तीच करत होती. त्याआधी बापाबरोबर घरं रंगवायची. आजारपणाच्या वर्षातही, बरं वाटलं की यायची, स्टुलावर बसून करायची. मी पंप चालवायचो, बाटल्या उचलायचो. वितुच्चो वीज बघायचा.

पंधरा तारखेला ती शेवटची आली. त्या दिवशी तिने वहीत एक ओळ लिहिली: "सहा – ओढते." सोळाला तिला इस्पितळात नेलं.

ऑक्टोबरात आम्हाला जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत चेंबर्स तपासायला कणांचा झोत मिळाला. पाच दिवस. मी आणि वितुच्चो व्हॅनमध्ये चार चेंबर्स घालून गेलो. तीन, चार, पाच आणि सहा. वाटेत खायला फोकाच्चा पाव होता, तो खाल्ला. वितुच्चो दोनदा म्हणाला, "पाठ गेली माझी," आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "माझीही."

तिथलं वेळापत्रक बोझिदारकडे असतं. तो बल्गेरियाचा आहे. पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत असतो. आमची भाषा तो त्या हॉलमध्ये ऐकून ऐकून शिकला, त्यामुळे त्याला शिव्या आणि विजेचे शब्द पक्के येतात, बाकीचं जेमतेम.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पडद्यावर बोट ठेवून मला म्हटलं,

"दोनातो, या तुझ्या तीन, चार, पाच बघ. करंट दोन मायक्रोअँपिअर, अडीच, दोन. शाळेतल्या मुलींसारख्या गप्प. आणि ही सहा! चाळीस! दारू पिऊन आलीय का ही?"

"प्रवासात ओल धरली असेल," वितुच्चो म्हणाला. "वायू फिरू दे रात्रभर."

"रात्रभर फिरवला होता. काल तीस होती."

एप्रिलमध्ये वर्कशॉपमध्ये तिला पहिल्यांदा व्होल्ट दिले तेव्हा बारा होते. बसेल खाली, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या गटाच्या प्रमुख प्रोफेसर लोयाकोनो बाई बारी शहरातून विमानाने आल्या. सगळे कंट्रोल रूममध्ये बसलो. बोझिदारने आमच्या वहीच्या पानांचे फोटो उघडले होते. पालमीराचं मोठं, तिरकं अक्षर.

"इथे बघा, बाई," तो म्हणाला. "पंधरा फेब्रुवारी. सहा – ओढते. म्हणजे ही चेंबर करंट ओढते हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. मग पाठवली कशाला? पाच दिवसांतला दीड दिवस मी हिच्या मागे घालवला."

लोयाकोनो बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वितुच्चो उठून उभा राहिला.

"ए बिया खाणाऱ्या. माझ्या बहिणीने आयुष्यात कधी मीटर हातात धरला नाही. मीटर मी धरतो. आणि पंधरा तारखेला त्या चेंबरला वायरसुद्धा लावली नव्हती. करंट कुठून ओढणार? तुझ्या डोक्यातून?"

"मग ओढते म्हणजे काय?"

"रंगाऱ्याला विचार. भिंतीला रंगाचा हात दिला, आणि वाळताना तो बोटाला धरतो ना, तेव्हा म्हणतात रंग ओढतोय. तेल ओढतंय. चिकट आहे. आमचे बाबा म्हणायचे, आमच्या घरात सगळेच म्हणतात."

बोझिदारने बी दातात धरली ती तशीच राहिली. "म्हणजे अजून वाळलेलं नव्हतं."

"पंधरा तारखेला कसं वाळेल? तेराला तर घातलं होतं. दहा दिवस लागतात."

"बरोबर. मी माफी मागतो," तो म्हणाला. तो खरंच मागत होता. "शब्द मी चुकीचा वाचला. पण चेंबर चाळीसवर आहे ते खरं आहे. त्या पानावर खाली दोनातोने लिहिलंय, हवा दहा दिवस. मग दहा दिवस देऊनही तेल बसलं नसेल, तर एक मिलिमीटरच्या फटीत तेल वाळत नाही असा अर्थ होतो. उद्याच्या बैठकीत मला तेच सांगावं लागेल. तेल नको, काच घ्या."

"बाकीच्या तीन चांगल्या आहेत," बाई म्हणाल्या.

"चारातली एक बिघडली तर हजारातल्या अडीचशे बिघडतील. लोक तेच धरणार, बाई. मीही तेच धरीन."

वितुच्चो माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्ही काहीतरी बोला की. तेल तिचं होतं. एकवीस वर्षांत तिची एक चेंबर परत आलेली नाही."

आठ महिने मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही मला वाटू द्यायचं नव्हतं. सगळ्या गोष्टींचा कंटाळा आला होता, त्यात ही एक. पण आता ते तिच्या नावावर जाणार होतं.

"हवा मी बंद केली," मी म्हणालो. "सतराला. फोन आला तेव्हा. मेन स्विच पाडून, शटर ओढून गेलो. बावीसला परत चालू केली. आधी चार दिवस झाले होते, नंतर सहा दिले. बेरीज दहा होते, म्हणून दहा लिहिलं."

लिहिलं ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

"मध्ये पाच दिवस बंद?" बोझिदार म्हणाला.

"पाच दिवस. तेल मध्येच थांबवलं की वर साय धरते आणि खाली ओलं राहतं. मग कितीही हवा द्या. हे मला माहीत होतं. तिने शंभरदा सांगितलं होतं. ती असती तर तिने सहा नंबर फेकून दिली असती."

"आणि तुम्ही?"

"तिने केलेली शेवटची होती. फेकवली नाही."

मग बोझिदारने बियांची पुडी बंद केली आणि कीबोर्ड पुढे ओढला. "सहा नंबर मोजणीतून बाहेर. कारण: वाळवताना हवा खंडित. वर्कशॉप बंद." तो थांबला. "कशामुळे बंद, ते लिहू का?"

"लिहा," मी म्हणालो. "कागदावर लिहून लावलंच होतं."

वितुच्चो बाहेर गेला होता. मी त्याच्यामागे गेलो. तो व्हॅनजवळ उभा होता.

"तिने तुम्हाला कशाला पाठवलं होतं त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"हवा बघायला."

"आणि तुम्ही तीच बंद करून आलात."

"हो."

"आठ महिने मला ते नाही सांगितलंत, दाजी. मी आज तिथे उभा राहून त्या बल्गेरियनला शिव्या घातल्या."

"चांगल्या घातल्यास."

"हसवू नका मला," तो म्हणाला. तो हसला नाही. घरी परत येताना संपूर्ण रस्ता त्यानेच गाडी चालवली, मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि बोलला तेही फक्त टोलनाक्यावर, कार्ड मागायला.

बैठकीत तेलाची पद्धत राहिली. तीन, चार आणि पाच यांनी शंभरात सत्त्याण्णव कण पकडले. काचवाले लोक नाराज झाले, पण आकडे ते आकडेच. वसंतात आणखी आठ चेंबर्स करायच्या ठरल्या, या वेळी अर्ध्या आमच्याकडे आणि अर्ध्या बल्गेरियात सोफियाला, म्हणजे पद्धत कुणालाही जमते का ते कळेल. त्यासाठी लोयाकोनो बाईंनी मला ती पायरी पायरीने लिहून द्यायला सांगितलं.

"इतकं साधं लिहा, दोनातो, की तुमच्या वर्कशॉपचं तोंडही न पाहिलेल्या माणसाने वाचून करावं."

मी नोव्हेंबरपासून लिहितोय. संध्याकाळी जेवण झालं की टेबल पुसून लिहायला बसतो. पहिल्या आठ पायऱ्या झाल्या. तेल किती, गरम किती, किती वेळ फिरवायचं, किती वेगाने काढायचं, हवा किती कोरडी हवी. आठवीत मी लिहिलंय की हवा कोणत्याही कारणाने थांबवू नये, आणि कॉम्प्रेसरची वीज मेन स्विचपासून वेगळी ठेवावी. वितुच्चोने ती वेगळी करून दिली. काम करताना तो बोलतो, काम संपलं की जातो.

नववी पायरी अशी आहे: तेल वाळलं की नाही ते पाहा. बोझिदारने शेजारी लाल अक्षरांत लिहून पाठवलं, "कसं?"

पालमीरा बॅकेलाइटची एक पट्टी त्याच तेलात बुडवून चेंबरच्या तोंडाशी ठेवायची. रोज ती उचलून खालच्या ओठाला लावायची. बोटाला लावायची नाही, म्हणायची बोटं कामाने मेलेली असतात. लावून क्षणभर थांबायची आणि सांगायची: ओढते, किंवा नाही ओढत. कधी म्हणायची, उद्या दुपारी. आणि उद्या दुपारीच व्हायचं.

हे मी बाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओठाला लावा असं मी सोफियाला कसं पाठवू? सुरक्षा विभाग मला फाडून खाईल. काहीतरी मोजता येईल असं शोधा."

मी शोधतोय. अकरा पट्ट्या वेगवेगळ्या दिवसांच्या करून ठेवल्या आहेत. वजन करून पाहिलं, वजनात फरक पडत नाही. कागद चिकटवून पाहिला. ओठालाही लावून पाहिल्या, माझ्या ओठाला सगळ्या सारख्याच लागतात. वितुच्चोलाही लावायला सांगितल्या. तो एकेक लावत गेला आणि सातवीशी थांबला, पण पट्टी खाली ठेवून निघून गेला. ती ओढते का, ते नंतर मी दोनदा विचारलं. माहीत नाही म्हणाला.

सोफियात मार्चमध्ये काम सुरू होणार आहे. आठ पायऱ्या त्यांना पाठवल्या आहेत. नववी लिहायची राहिली आहे.