ओल्या सारवणावरचं लिनोलियम

मित्रांनो, माझ्यावर बिनधास्त पाय ठेवा. माझा जन्मच त्यासाठी आहे. मी लिनोलियमचा एक जुना तुकडा. अंगात जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा, पाठीला तागाचं कापड. माझ्यावर पाण्याचा तांब्या उलटला तरी पुसलं की मी कोरडा. पाठ मात्र हळवी. तिला ओल सोसत नाही.

मोहोपाड्याच्या कॉलनीत एका बंगल्याची जमीन झाकून मी उरलो होतो. तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या वाल्मिकने मला मागून घेतलं आणि सायकलला बांधून कुंभिवलीला आणलं. १९७४ सालचा उन्हाळा होता. त्याच्या घरात शेणाने सारवलेली भुई होती. छान, थंड भुई; पण त्याचा रांगता मुलगा पदू तिचे पोपडे उकरून खायचा. पोट सारखं बिघडलेलं, दंड काडीसारखे. त्याची आई हिरू दिवसभर त्याच्या तोंडात बोट घालून माती काढायची. एवढं मोठं काम मला बंगल्यात कुणी दिलं नव्हतं.

वाल्मिकने मला अंगणात उन्हात पसरलं आणि मऊ झाल्यावर मापाने कापलं. तेवढ्यात त्याची आई भीमाबाई शेणाची पाटी घेऊन आली.

"नवी वस्तू बिनसारवल्या भुईवर घालतात का रं?" म्हणत तिने दोन्ही हातांनी, मायेने, भुई सारवली. ती वरवर सुकली तसं वाल्मिकने मला अंथरून कडेने खिळे ठोकले.

आठवड्यात मी फुगलो. कुबट वास सुटला.

"सायबलोकांचं सोंग ते," भीमाबाई म्हणाली. "शेळीच्या गोठ्यावर टाक. पावसाला तरी कामी येल."

हिरूने खिळे उपटले आणि मला उलटं केलं. "आत्या, हे बघा ना."

माझ्या पाठीवर ओल्या शेणात भीमाबाईच्या बोटांची वळणं उमटली होती. भीमाबाईने त्यांवरून बोट फिरवलं.

"मीच कोंडलं गं भुईला," ती म्हणाली. "आता सुकू दे. मी हात लावत नाय."

मग मी भिंतीला टेकून ऊन खात राहिलो, आणि पदू आजीच्या मांडीवर. भुई पांढरी पडली, भेगाळली. त्यातच बुद्धजयंती आली, पाहुणे आले. शेजारच्या भागूबाईने दारातूनच टोमणा मारला, "भीमे, हात मोडलं का गं तुझं? सणाला भुई अशी?"

"मोडलं नायत. नातवाला धरायला ठेवलंत," भीमाबाई म्हणाली आणि पदूला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

भुई खणखणीत वाळली तेव्हा मला पुन्हा अंथरलं. पदूला वर सोडलं. तो थपथप हात मारत कोपऱ्यात गेला आणि नखांनी मला उकरू लागला. मी त्याला एक कणही दिला नाही. त्याने रिकामी बोटं चोखली आणि खुदकन हसला. दिवाळीपर्यंत त्याच्या दंडाला छान वळ्या पडल्या.

मित्रांनो, घरात नवं काही अंथराल तेव्हा आधी खालची भुई सुकू द्या. आणि जिने आजवर ती भुई राखली, तिच्यावर रागावू नका. नुसतं उलटून दाखवा. मी आज दहा वर्षं इथे सपाट पडून आहे, तो त्यामुळेच.